दुष्काळाचा धडा आणि गावची शाळा

(प्राथमिक शिक्षकांच्या संमेलनातील व्याख्यान)

घराला आग लागली म्हणजे सारे गाव पाण्याचे घडे घेऊन धावते. त्या वेळी जुनी भांडणेही क्षणभर विसरली जातात. परंतु गावाची खरी कसोटी आग विझल्यानंतर लागते. पुढचे घर बांधताना छप्पर गवताचे करावे की कौलांचे, विहीर कोठे खणावी, पाणी उपसण्याचे साहित्य कोणाच्या ताब्यात असावे, याचा विचार जे गाव करते, तेच त्या आगीपासून काही शिकले असे म्हणावे. इतर गावे केवळ वाचलेली असतात. संकटातून वाचणे आणि संकटापासून शिकणे या दोन गोष्टी अगदी भिन्न आहेत.

संकटसमयी मनुष्याचे वर्तन सामान्यतः तीन प्रकारचे दिसते. पहिला प्रकार दैवाला शरण जाण्याचा. पाऊस पडला नाही, त्याला इलाज नाही, असे म्हणून माणूस कपाळाला हात लावून बसतो, अगर गुरेढोरे सोडून वाट फुटेल तिकडे चालू लागतो. दुसरा प्रकार दयेचा. ज्याची कणगी भरलेली आहे तो दारी आलेल्याच्या पदरात पसाभर धान्य घालतो. कोणी अन्नछत्र उघडतो. दया ही थोर गोष्ट आहे आणि तिच्यावाचून कोणताही समाज टिकणार नाही. तथापि तिला दोन मर्यादा आहेत. ती देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते, आणि घेणाऱ्याला मान खाली घालावयास लावते. तिसरा प्रकार व्यवस्थेचा. पुन्हा असे घडले तर कोणी काय करावयाचे, खर्च कोठून यावयाचा आणि संकटग्रस्ताने कोणाकडे काय मागावयाचे, हे समाज आधीच ठरवून, लिहून ठेवतो. अधिक चांगल्या जगाकडे जाण्याची वाट या तिसऱ्या प्रकारातून जाते.

या तिन्ही प्रकारांचा इतिहास पाहण्यासाठी परमुलखात जाण्याचे कारण नाही. १८७६ सालचा दुष्काळ आणि १९७७ सालचा महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा यांमध्ये सुमारे शंभर वर्षांचे अंतर आहे. त्या शंभर वर्षांत दुष्काळग्रस्त माणूस याचक होता तो हक्कदार कसा झाला, ही हकीकत प्रत्येक शिक्षकाने जाणून घेण्यासारखी आहे; कारण तिच्यात अक्षरओळखीचा वाटा फार मोठा आहे.

प्रथम दुष्काळ म्हणजे काय हे नीट समजून घेतले पाहिजे. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरी वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि त्याच सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात तो सरासरी पाचशेच्या आसपास असतो. डोंगराच्या पूर्वेकडील हा पर्जन्यछायेचा पट्टा आहे. तेथे पाऊस कमी पडणे यास अवर्षण म्हणतात. अवर्षण हे आकाशातील आहे. दुष्काळ मात्र घरातील आहे. पीक बुडाले म्हणजे सर्वांत आधी शेतमजुराच्या हातचे काम जाते. पेरणी नाही, खुरपणी नाही, काढणी नाही; म्हणजे मजुरी नाही. त्याच वेळी धान्याचा भाव वाढतो. पाठोपाठ विणकर, चांभार, कुंभार यांचे गिऱ्हाईक नाहीसे होते. बाजारात धान्य असते, पण ते घेण्यास गाठी पैसा नसतो. अवर्षणाचा दुष्काळ होतो तो या मार्गाने. हे ध्यानात आले म्हणजे उपायही ध्यानात येतो. पाऊस पाडणे मनुष्याच्या हाती नाही. काम आणि मजुरी देणे हाती आहे.

१८७६ साली दख्खनमध्ये पावसाने दगा दिला. सोलापूर, पुणे, अहमदनगर, सातारा हे जिल्हे होरपळून निघाले. सोलापुरापर्यंत रेल्वे १८६० सालीच पोचली होती. धान्य एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात नेता येत होते, आणि त्याच काळात हिंदुस्थानातून धान्याची परदेशी निर्यातही चालू होती. तरीही १८७६ ते १८७८ या काळात सबंध हिंदुस्थानात पन्नास लाखांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, असा अंदाज आहे. सरकारने दुष्काळी कामे काढली; पण खर्चाला आळा घालण्यासाठी सर रिचर्ड टेंपल यांस पाठविले. त्यांनी कामावरील पुरुषाची मजुरी दिवसाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर किरकोळ पैसे, इतकी खाली आणली. एक पौंड म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी. दिवसभर माती वाहणाऱ्या माणसाने एवढ्यावर कसे जगावे?

या ठिकाणी एक विलक्षण गोष्ट घडली. १८७७ च्या आरंभी मुंबई इलाख्यातील हजारो मजुरांनी ही कमी केलेली मजुरी घेण्याचे नाकारले आणि कामे सोडली. पोटात अन्न नसताना केलेला हा निषेध होता. त्यांची बाजू मांडावयास पुण्याची सार्वजनिक सभा पुढे आली. १८७० साली स्थापन झालेल्या या सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा केली आणि दुष्काळाची वृत्ते सरकारकडे धाडली. गणेश वासुदेव जोशी आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासारखी माणसे या कामामागे होती. केवळ आक्रोश सरकारदरबारी फार काळ टिकत नाही. गावाचे नाव, तारीख, भाव आणि मजुरी लिहिलेला कागद टिकतो, हे या सभेने ओळखले होते.

त्याच वर्षी सत्यशोधक समाजाने पुण्याजवळ धनकवडी येथे दुष्काळग्रस्त मुलांच्या अन्नाची व्यवस्था केली. जोतीराव फुले यांनी त्यासाठी जनतेला आवाहन केले. सावित्रीबाई त्या वेळी जुन्नर भागात मदतकार्यात होत्या. ओतूरहून त्यांनी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात तेथील लोकांची दैना आणि मदतीचे प्रयत्न यांची हकीकत आहे. संकट आले असता शाळा आणि अन्न या दोन वेगळ्या गोष्टी राहत नाहीत, हे या पतिपत्नींनी आचरणाने दाखविले. ज्या मुलाच्या पोटात काही नाही त्याला धुळाक्षरे गिरवावयास सांगणे ही क्रूर थट्टाच होय.

दुष्काळ ओसरला आणि सरकारने १८७८ साली सर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. १८८० च्या त्याच्या अहवालात, दुष्काळाचा पहिला घाव शेतमजुराच्या रोजगारावर पडतो, हे तत्त्व स्पष्टपणे मान्य झाले. त्यानंतरच्या काही वर्षांत प्रांतोप्रांती दुष्काळ संहिता तयार झाल्या. टंचाईची चिन्हे कोणती, चाचणीची कामे केव्हा उघडावीत, धान्याच्या भावाप्रमाणे मजुरी कशी ठरवावी, अपंग, वृद्ध आणि मुले यांना फुकट मदत कशी द्यावी, सारा केव्हा तहकूब करावा, हे सर्व त्यांत कलमवार लिहिलेले होते. दयेकडून व्यवस्थेकडे टाकलेले हे पहिले मोठे पाऊल होय. राज्यकर्ते परके होते म्हणून या पावलाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही.

परंतु या संहितेत एक मोठे वैगुण्य होते. ती सरकारने आपल्या अधिकाऱ्यांना दिलेली सूचना होती. रयतेला दिलेले वचन नव्हते. शिवाय ती इंग्रजीत होती. ज्या शेतकऱ्यासाठी ती लिहिली गेली त्याला ती अस्तित्वात आहे याचाही पत्ता नव्हता. जो नियम ज्याच्यासाठी केला त्यालाच वाचता येत नाही, तो नियम असून नसल्यासारखाच.

हे वैगुण्य दूर करण्याचा प्रयत्न १८९६-९७ च्या दुष्काळात झाला. लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून, आणि त्यांच्या प्रभावाखाली आलेल्या सार्वजनिक सभेने पत्रकांद्वारे, संहितेतील तरतुदी मराठीत लोकांसमोर ठेवल्या. सभेचे कार्यकर्ते खेडोपाडी गेले. पीक बुडाले असेल तर सारा तहकूब करून मागण्याचा अधिकार आहे, त्यासाठी घरदार विकून कर्जबाजारी होऊ नका, हे त्यांनी शेतकऱ्यांना समजावून सांगितले. त्यांनी नवे काही मागितले नव्हते. सरकारनेच लिहिलेले तेवढे वाचून दाखविले होते. तरीही सरकारला ते रुचले नाही, आणि १८९७ साली सार्वजनिक सभेची सरकारी मान्यता काढून घेण्यात आली. लिहिलेले वाचून दाखविणे ही केवढी मोठी शक्ती आहे याचा याहून चांगला पुरावा कोणता असू शकेल?

यानंतरही दुष्काळ आले. स्वातंत्र्य मिळाले, १९६० साली महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, १९६२ साली जिल्हा परिषदा सुरू झाल्या. पण पावसाचा स्वभाव काही बदलला नाही. वि. स. पागे हे राज्याच्या विधान परिषदेचे सभापती होते. किती रुपयांत किती माणसांना किती दिवस काम देता येईल, असा साधा हिशेब त्यांनी मांडला, आणि १९६० च्या दशकात सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात विसापूर येथे या कल्पनेचा लहानसा प्रयोग झाला. दुष्काळ पडल्यावर काम देण्याऐवजी, जो काम मागेल त्याला कोणत्याही वर्षी काम मिळावे, हा या विचाराचा गाभा होता. तो त्यांनी मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्यापुढे ठेवला.

तोच १९७२ चा दुष्काळ आला. कित्येक भागांत हे अवर्षणाचे तिसरे वर्ष होते. १९७२-७३ साली राज्याचे धान्योत्पादन चांगल्या वर्षाच्या निम्म्याच्या आसपास आले. खडी फोडणे, रस्ते, नाला बांध, पाझर तलाव अशी कामे ठिकठिकाणी निघाली. मे १९७३ च्या सुमारास या कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसे होती; म्हणजे राज्यातील दर दहा माणसांमागे एक. अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो आणि कामावर मिळणारी सुकडी यांची चव त्या पिढीच्या जिभेवरून कधी गेली नाही. माणसांचे हाल अतोनात झाले, जनावरे गेली, गावे ओस पडली. काम मिळावे म्हणून मोर्चे निघाले, विधिमंडळात प्रश्नांचा भडिमार झाला. पण १८७७ प्रमाणे लाखो माणसे भुकेने मेली नाहीत. दोन्ही वेळी आकाश सारखेच कोरडे होते. जमिनीवरची व्यवस्था तेवढी निराळी होती.

यापुढील गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. पाऊस पडला, शिवार हिरवे झाले, आणि तरीही महाराष्ट्र तो धडा विसरला नाही. १९७५ साली योजनेच्या खर्चासाठी व्यवसाय कर बसविण्यात आला. त्याच्या उत्पन्नाइतकीच रक्कम राज्याने आपल्या तिजोरीतून घालावयाची असे ठरले. शिक्षकाच्या वेतनपत्रकात ‘व्यवसाय कर’ या नावाखाली जी कपात दिसते तिचा उगम येथे आहे. नियमित पगार मिळविणाऱ्याने, ज्याच्या रोजगाराची शाश्वती नाही त्याच्यासाठी महिन्याकाठी थोडे द्यावे, असा त्यामागील विचार होता. १९७७ साली विधिमंडळाने रोजगार हमी कायदा एकमताने संमत केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. ग्रामीण भागातील जो प्रौढ अंगमेहनतीचे काम मागेल त्याला पंधरा दिवसांच्या आत काम द्यावे, न दिल्यास बेकारी भत्ता द्यावा, असे या कायद्याने सांगितले. २००५ साली संसदेने सबंध देशासाठी ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव डोळ्यांसमोर होता.

याचक आणि हक्कदार यांतील फरक येथे दिसतो. याचक दारी उभा राहतो. हक्कदार अर्ज देतो आणि त्याची तारीख घालून पोच घेतो. कामावर येणाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती. केलेल्या कामाच्या मोजमापावर दाम ठरत असल्याने पुरुष आणि स्त्री असा दरात भेद नव्हता. गावातील शेतावर निम्म्या मजुरीत राबणाऱ्या बाईला ही गोष्ट काही लहान नव्हती.

या योजनेत सर्व आलबेल होते असे मात्र कोणी समजू नये. मजुरी महिनोन्महिने रखडल्याच्या, कामे अर्धवट राहिल्याच्या, हजेरीपटावर खोटी नावे घातल्याच्या तक्रारी विधिमंडळात आणि वृत्तपत्रांत वारंवार झाल्या. चांगला कायदाही वाईट हातांत वाईट ठरतो. मग यावर उपाय कोणता? त्याचे एक उत्तर राजस्थानातील खेड्यांनी दिले. तेथील मजदूर किसान शक्ती संघटन या संस्थेने १९९४ पासून गावकऱ्यांच्या जाहीर सभेत कामाचे हजेरीपट मोठ्याने वाचून दाखविण्याचा परिपाठ घातला. ज्यांनी कधी कुदळ हाती घेतली नाही, ज्यांना मरून वर्षे लोटली, अशांची नावे त्यांत निघाली. ऐकणारे चकित झाले. याच चळवळीचा २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याला मोठा हातभार लागला. १८९६ साली पुण्याच्या सभेने जे केले, तेच शंभर वर्षांनी राजस्थानातील अल्पशिक्षित मजुरांनी केले. त्यांनी लिहिलेले वाचून दाखविले.

शिक्षक बंधुभगिनींनो, या सर्व इतिहासात शाळेचे स्थान कोठे आहे हे आता निराळे सांगण्याची गरज नाही. हजेरीपटावर नाव आपले की दुसऱ्याचे, दिवस सहा भरले की चार, दाम किती लागला, हे ज्याला वाचता येत नाही तो जेथे सांगतील तेथे अंगठा उठवितो. त्याचा हक्क कायद्यात सुरक्षित असतो आणि हातातून निसटलेला असतो. म्हणून गावच्या शाळेने चार गोष्टी अगत्याने कराव्यात; त्यांना निराळा निधी लागत नाही.

पहिली गोष्ट, अर्जलेखन. चौथी-पाचवीतील प्रत्येक मुलामुलीला साध्या मराठीत अर्ज लिहिता आला पाहिजे. कोणास लिहिला, कोणत्या तारखेस, काय मागितले आणि पोच घेतली की नाही, या चार बाबी त्याच्या अंगवळणी पडाव्यात. ‘आजारी असल्याने रजा मिळावी’ एवढ्यावर अर्जलेखन संपू नये. गावाच्या विहिरीविषयी, रस्त्याविषयी, कामाच्या मागणीविषयीही मुलांनी अर्ज लिहून पाहावेत.

दुसरी गोष्ट, गणित. तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि अर्धा मीटर खोल खड्ड्यातून किती घनमीटर माती निघाली, हे उदाहरण फळ्यावर सोडवून थांबू नये. मुलांना मैदानात न्यावे, दोरीने मोजावयास लावावे. मातीकामाची मजुरी याच मोजमापावर ठरते, हे त्यांस सांगावे. ज्याच्या आईने माती वाहिली आहे तो मुलगा हे उदाहरण जन्मात विसरणार नाही.

तिसरी गोष्ट, गावाची नोंदवही. गावात १९७२ पाहिलेली माणसे आता थोडी उरली आहेत. ते कोणत्या कामावर होते, मजुरी किती मिळाली, विहिरींना पाणी कोठवर होते, कोणता तलाव त्या वेळी झाला, हे मुलांनी त्यांना विचारून, नाव आणि तारखेसह लिहून ठेवावे. त्यासोबत दर वर्षीचा पाऊस आणि उन्हाळ्यातील विहिरींची पातळीही नोंदवावी. आठवण माणसाबरोबर जाते, नोंद गावाजवळ राहते. पुढचे अवर्षण येईल तेव्हा या वहीचा उपयोग ग्रामसभेला होईल.

चौथी गोष्ट, परगावी जाणारी मुले. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून हजारो कुटुंबे ऊसतोडीस जातात, आणि मुले पटावरून नाहीशी होतात. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहांची योजना निघाली आहे. पण योजना कागदावर असून भागत नाही. कुटुंब गाडीत बसण्याआधी आजीआजोबांशी बोलून मुलाला गावी ठेवण्याची खटपट शिक्षकानेच करावयाची असते. पटावरील एक नाव टिकविणे हेही दुष्काळनिवारणच आहे.

हे काम कोणत्याही पक्षाचे नाही आणि कोणाविरुद्धही नाही. मुलाला वाचता यावे, मोजता यावे आणि नम्रपणे पण न भिता मागता यावे, एवढाच त्याचा हेतू आहे. कायद्यांची नावे बदलतात, कलमे मागेपुढे होतात, एक योजना जाऊन दुसरी येते. जी पिढी वाचू शकते ती नवे कलमही वाचून घेते. जी वाचू शकत नाही तिला जुने आणि नवे सारखेच.

राहता राहिली वेळेची गोष्ट. हे सारे दुष्काळ पडल्यावर शिकविता येत नाही. त्या वेळी माणसे पाण्यामागे धावत असतात आणि शाळा ओस पडलेल्या असतात. ज्या वर्षी पाऊस चांगला झाला आहे, घरात धान्य आहे, मुले वर्गात बसली आहेत, तेच वर्ष या शिक्षणाचे होय. ज्याच्या गावी यंदा पीक उभे आहे त्या शिक्षकाने हा पाठ पुढील आठवड्यातच घ्यावा.